कॉलरचं पहिलं बटण

१

फाइल जागेवर नव्हती.

रेकॉर्डच्या खोलीतल्या कारकुनाने तिसऱ्यांदा रॅकवर हात फिरवला, धूळ झटकली, आणि सगळा दोष धुळीचाच असल्यासारखा तिच्याकडे बघून म्हणाला, "बाई, नाहीये म्हणजे नाहीये. मी काय फाइली खातो?"

"मग तिला काय पाय फुटले?" थेंबू म्हणाली.

थेंबू हे काही तिचं शाळेतलं नाव नव्हे. लहानपणी घरात नळ ठिबकत असला की तिला झोप लागायची नाही. उठून, स्टुलावर चढून ती नळ घट्ट पिळायची. वडील पाणीखात्यात, जमिनीखालची गळती शोधायच्या कामावर. ते हसून म्हणाले, ही खरी माझी थेंबू. नाव चिकटलं ते चिकटलंच, आणि सवयही. आता नळाच्या जागी चौदा महिन्यांचा गट्टू होता. तो झोपला की ती त्याच्या नाकाशी बोट धरून श्वास लागतो का ते बघायची. नवरा म्हणायचा, "अगं, तो झोपलाय. तू कधी झोपणार?"

गेल्या आठवड्यात लसीच्या वेळी बाळाच्या डॉक्टरांनी गट्टूच्या छातीवर स्टेथोस्कोप नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ ठेवला होता. "ठोक्यांच्या मध्ये थोडा आवाज येतोय. मर्मर म्हणतो आम्ही. दहातल्या नऊ मुलांचा निरुपद्रवी असतो. घरात कुणाला झडपेचा आजार?"

"माझ्या वडिलांना होता. महिन्यापूर्वी गेले."

"कोणती झडप? जन्मतःच बिघडलेली, की नंतर खराब झाली? जन्मतःची असेल तर ती रक्तातून पुढे येऊ शकते. त्यांचे कागद आणा. आणि तुम्हाला स्वतःला कधी कुणी काही बोललं?"

"गरोदरपणात म्हणाले होते आवाज आहे. पण तेव्हा सगळ्यांनाच असतो म्हणे."

"असतो, असतो," डॉक्टर म्हणाले, आणि तेवढ्यात गट्टूने सुईकडे बघून भोकाड पसरलं. विषय तिथेच राहिला.

कागद आणायचे म्हणजे बाबांची हॉस्पिटलातली ही फाइल. कॉलेजात असताना थेंबूने ग्रंथालयात काम केलं होतं. वस्तू हरवली की आधी वस्तू शोधायची नाही, आधी नोंदवही बघायची, हे तिला ठाऊक होतं. तिने काउंटरवरची नोंदवही स्वतःकडे ओढली. दर वर्षी एकदा फाइल बाहेर गेलेली, 'परीक्षा' असा शिक्का, आणि चार दिवसांनी परत. दहा वर्षं दहा ओळी. अकराव्या ओळीत, चार महिन्यांपूर्वीच्या, बाहेर गेल्याची तारीख होती. परतीचा रकाना कोरा.

"परीक्षेला म्हणजे कुणाकडे गेली?"

"मोठ्या सरांच्या विभागात. विचारा त्यांना." कारकुनाने नोंदवही हळूच परत ओढून घेतली. "पण एक सांगू का? त्या फाइलीला अचानक भाव आलाय. तुमचे वडील गेले ना, त्याच्या दुसऱ्याच दिवशी एक चष्मेवाली डॉक्टरीण येऊन हीच फाइल मागत होती. नाही म्हटल्यावर तिथेच, त्या बाकावर बसून राहिली. रडत."

२

वडिलांच्या घरी आता आत्या एकटीच राहायची.

"आधी चहा घे, मग चौकशी कर," आत्या म्हणाली. "रिकाम्या पोटी पोलीससुद्धा विचारत नाहीत."

थेंबू गट्टूला कडेवर घेऊन दारातच उभी राहिली. दाराआड वडिलांची सळई होती. माणसाएवढी उंच, वरच्या टोकाला पितळी वाटी. सळईचं टोक रस्त्यात जमिनीखालच्या पाइपावर टेकवायचं आणि वाटी कानाला लावायची, की खालचं पाणी बोलायला लागतं. ती सात-आठ वर्षांची असताना त्यांनी पहाटे तिला सोबत नेलं होतं. "मोठा आवाज ऐकून घाबरायचं नाही," ते म्हणाले होते. "आवाज मोठा म्हणजे पाण्यात जोर आहे. काल खळखळत होता आणि आज बारीक झाला, तर घाबरायचं. गळती आपणहून कधी बुजत नाही, थेंबू. बारीक झाला म्हणजे मागून पाणीच कमी येतंय."

सळईच्या टोकाला गंज चढला होता. निवृत्त झाल्यावरही दर महिन्याला तेल लावून, फडक्यात गुंडाळून ते ती खाकी पिशवीत घालून ठेवायचे. पिशवी खिळ्याला होती आणि सळई अशी उघडी. माणूस गेलं की त्याच्या वस्तूंचंही असंच होतं, असं वाटून तिने हातानेच टोक पुसलं आणि सळई परत भिंतीला टेकवली.

"बाबा शेवटी शेवटी कसे होते?"

"कसा म्हणजे? हट्टी. आडवं झोपायचं सोडलं होतं. खुर्चीत बसून झोपायचा. विचारलं तर म्हणे पाठ दुखते. पाठ दुखणारा माणूस खुर्चीत झोपतो होय? पण बोलायची सोय नाही. तुझाच बाप."

"माझ्याकडे जिना चढून यायचे नाहीत. सहा महिने. तूच खाली ये म्हणायचे, बाकावर बसू, गट्टूला ऊन मिळेल."

"आणि शेवटी गेला तो जिन्यातच." आत्याने पेला उगाच पुसला.

थेंबू तिसऱ्या मजल्यावर राहायची. त्या सकाळी तिला जिन्यावर ओळखीची पावलं ऐकू आली होती. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर ती थांबली. बाबा कुणाशी तरी बोलत असतील, असं वाटून तिने चहाचं आधण वाढवलं होतं. चहा उकळून गेला तरी पावलं पुढे सरकली नाहीत. सहा महिने जिना टाळणारा माणूस त्याच दिवशी का चढला, हा प्रश्न तेव्हापासून तिची पाठ सोडत नव्हता.

"आत्या, एखादी चष्मेवाली डॉक्टरीण कधी इथे आली होती?"

"हो. तू सातव्या-आठव्या महिन्यात होतीस तेव्हा. त्यानेच बोलावलं होतं चहाला." आत्याने आवाज खाली आणला. "मी आत होते. बाहेर आले तर तो हात जोडून उभा. एवढा साठीचा माणूस, त्या पोरीला म्हणत होता, माझ्यामुळे तुम्ही नापास झालात, मला माफ करा."

३

मोठ्या सरांची खोली नीटनेटकी होती. टेबलावर प्लॅस्टिकचं हृदय, झाकण उघडलेलं. आत झडपांच्या पांढऱ्या पाकळ्या.

"तुमचे वडील म्हणजे आमची सगळ्यात विश्वासू केस," सर म्हणाले. त्यांना मनापासून वाईट वाटत होतं, हे दिसत होतं. "प्रॅक्टिकलला आम्ही बाहेरून रुग्ण बोलावतो. विद्यार्थ्याने तपासायचं, निदान लिहायचं. अकरा वर्षांत त्यांनी एकदाही दांडी मारली नाही. इस्त्रीचा शर्ट घालून सगळ्यांच्या आधी हजर. पोरांना म्हणायचे, माझ्या छातीवर पाचशे डॉक्टर पास झालेत."

हे तिला माहीत होतं. त्या दिवशी घरात सणासारखी गडबड असायची. पाणीखात्याने निवृत्तीला मानपत्र दिलं तेव्हाही ते एवढे खूश नव्हते.

"सर, फाइल मिळत नाहीये."

"परीक्षेच्या काळात फाइल खाटेजवळ नसते. विद्यार्थी चोरून बघतील ना. परीक्षकाकडे फक्त उत्तराचं कार्ड असतं." ते अभिमानाने उठले, खणातून कार्डांचा गठ्ठा काढून त्यांनी तिच्यासमोर ठेवला. "हे बघा. दर वर्षीचं कार्ड. या विभागात कागद हरवत नाहीत."

प्रत्येक कार्डावर तेच: महाधमनीच्या दारावरची झडप अरुंद, मध्यम प्रमाणात. आवाजाचा जोर सहापैकी चार, खरखरीत, मानेकडे जाणारा. शस्त्रक्रियेची तूर्त गरज नाही.

"हा आवाज म्हणजे नेमकं काय?"

सरांनी प्लॅस्टिकचं हृदय हातात घेतलं. शिकवताना त्यांचा चेहरा उजळत असे, तसा उजळला. "दार अरुंद झालं की रक्ताला जोर लावून बाहेर पडावं लागतं. त्याची खरखर. कुठे ऐकू येतो, कुठल्या दिशेला जातो, दोन ठोक्यांच्या मध्ये की नंतर, यावरून झडप ओळखायची. मानेकडे गेला तर ही झडप. काखेकडे गेला तर दुसरी."

"आणि आवाज बारीक झाला तर?"

"सगळ्यांना वाटतं रुग्ण बरा झाला." सर हसले. "तिथेच पोरं फसतात. दार आणखी अरुंद होतं, हृदय थकतं, रक्तच कमी फेकतं. मग आवाज बसतो. मोठ्या आवाजापेक्षा बसलेला आवाज वाईट. हे मी पहिल्याच तासाला शिकवतो."

थेंबू कार्डं एकापाठोपाठ एक टेबलावर मांडत होती. ग्रंथालयातली सवय. पहिलं, दुसरं, पाचवं, अकरावं.

"सर, बाबा तुमच्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा बावन्न वर्षांचे होते."

"असतील."

"या पहिल्या कार्डावर वय बावन्न आहे. बरोबर. या अकराव्यावर किती आहे बघा."

सरांनी चष्मा लावला. अकराव्या कार्डावरही बावन्नच होतं. दहाव्यावर, नवव्यावर, सगळ्यांवर. अकरा वर्षं तिचा बाप बावन्न वर्षांचाच राहिला होता. फक्त वरची तारीख बदलत होती.

"तुम्ही त्यांना शेवटचं कधी ऐकलंत?" तिने विचारलं.

सरांनी प्लॅस्टिकचं हृदय खाली ठेवलं. त्याचं झाकण नीट बसेना. सर ते पुन्हा पुन्हा दाबत राहिले.

४

चष्मेवाली अपघात विभागाच्या मागच्या पायरीवर बिस्किट खात बसली होती. कडेवर गट्टूला घेऊन थेंबूने आपण कुणाची मुलगी ते सांगितलं, तेव्हा बिस्किट तिच्या हातातच राहिलं.

"मी तुमच्या दारापर्यंत आले होते," ती म्हणाली. "ते गेले त्या दिवशी. आत माणसं होती. परत फिरले."

"बाबांनी तुमची माफी कशाबद्दल मागितली?"

"तुम्हाला ते माहीत नाही? आमच्या सगळ्या वर्गाला माहीत होतं." तिने चष्मा काढून ॲप्रनला पुसला. "परीक्षेत काकांची केस आली की लॉटरी लागली म्हणायचे. काका खुणा करायचे. छातीवर स्टेथोस्कोप ठेवला की ते शर्टाच्या कॉलरचं पहिलं बटण चाचपायचे. म्हणजे, पोरा, आवाज मानेत जातो, तिथेही ऐक. मग गुडघ्यावर चार बोटं वाजवायचे. सहापैकी चार. सगळे तेच लिहायचे, सगळे पास."

थेंबूला ते बटण आठवलं. परीक्षेच्या दिवशी बाबा आरशासमोर उभं राहून ते दोनदा चाचपून बघायचे. तिला वाटायचं, नीटनेटकेपणा.

"मी मान खाली घातली होती," चष्मेवाली म्हणाली. "मला ऐकून पास व्हायचं होतं. शहाणपणा. आणि मला चार ऐकूच येईना. दोन, जेमतेम. उशिरा चढणारा. दुसरा ठोका जवळजवळ गायब. मनगटाची नाडी अशी हळू उठत होती, जसं कुणी नाइलाजाने अंथरुणातून उठतंय. मी लिहिलं, झडप अतिशय अरुंद, तातडीने शस्त्रक्रिया. परीक्षकांनी कार्ड बघितलं. म्हणाले, मुली, एवढा सोपा आवाज तुला ऐकू येत नाही? नापास. सहा महिने गेले."

"मग बाबांनी घरी बोलावलं."

"त्यांना वाटत होतं त्यांची खूण मला दिसली नाही म्हणून मी बुडाले. मी म्हटलं, काका, परत ऐकू द्या. तिथेच खुर्चीत बसवून ऐकलं. मग सांगितलं, आवाज बारीक झालाय. त्यांनी शर्टाची बटणं लावून घेतली. डॉक्टरांनासुद्धा जे समजवावं लागतं ते त्यांना न सांगता कळलं."

गळती आपणहून बुजत नाही. थेंबूने पायरीचा कठडा धरला.

"मोठ्या सरांना का नाही सांगितलंत?"

"नापास झालेली मुलगी सरांना काय सांगणार? तुमचं कार्ड चुकलंय? आणि खरं सांगू का, माझाच माझ्या कानांवर विश्वास उरला नव्हता. पाचशे लोकांनी चार लिहिलं होतं." तिने मान वळवली. "पास होऊन मी इथेच कामाला लागले. चार महिन्यांपूर्वी ते पुन्हा केस म्हणून आले. मी त्यांना ओढत नेऊन इको काढला. हृदयाची सोनोग्राफी. जन्मतः तीनऐवजी दोनच पाकळ्यांची झडप, दार सुईच्या नेढ्याएवढं उरलेलं. अहवाल फाइलीत लावला. खाली लाल शाईने लिहिलं, मुलांचीही तपासणी करावी."

मुलांची. थेंबूने गट्टूला घट्ट धरलं. तो कुरकुरला.

"आणि फाइल?"

"इथे शिपाई कुठेत? केसची फाइल केसच घेऊन फिरतो. मी त्यांच्याच हातात दिली. म्हटलं, काका, आत्ताच्या आत्ता सरांना दाखवा. सरांचं दार समोर होतं. बारा पावलांवर." ती थांबली. "मला दुसऱ्या रुग्णासाठी हाक आली, आणि पुढचं सर बघतील असं मी धरून चालले. ते वारल्यावर मी रेकॉर्डला गेले ते एवढंच बघायला, की सरांनी तो अहवाल वाचला होता का. तेव्हा कळलं. ते बारा पावलं चाललेच नाहीत."

५

बसमध्ये थेंबू एकेक गोष्ट बोटांवर जुळवत होती. फाइल सरांकडे गेली नाही. रेकॉर्डला परत आली नाही. शेवटी ती एकाच माणसाच्या हातात होती, आणि तो माणूस कागद फाडणारा नव्हता. पाणीखात्यात त्याने तीस वर्षांत गळतीची एक नोंद चुकवली नव्हती. मग त्याने फाइल ठेवली कुठे? आत्या रोज घर झाडते, कपाटं आवरते, गादी उन्हात टाकते. त्या घरात आत्या एका वस्तूला कधीच हात लावत नाही, कारण तिला तेलाचा वास सहन होत नाही.

आणि सळई उघडी का होती?

तेल लावून फडक्यात गुंडाळणारा माणूस सळईला गंज चढू देतो, तो एकाच कारणाने. तिच्या जागेत दुसरं काहीतरी ठेवायचं असतं म्हणून.

आत्याने दार उघडेपर्यंत थेंबूने दोनदा कडी वाजवली. स्टॉपवरून झपाझप चालत आल्याने तिला धाप लागली होती. पोराचं वजन वाढलंय, ती स्वतःशी म्हणाली. तिने गट्टूला आत्याकडे दिलं, खिळ्यावरची खाकी पिशवी काढली आणि जमिनीवर उलटी केली.

फाइल उभी घडी घालून आत सरकवली होती.

"अगं बाई," आत्या खाली बसली. "काखेत कळसा आणि गावाला वळसा."

लाल शाईची ओळ होती. सोनोग्राफीचं चित्र होतं. आणि आत सरकवलेलं वहीचं एक जुनं पान, त्यावर वडिलांच्या अक्षरातली यादी. गळतीच्या नोंदी करायचे तशीच, तारीख आणि पुढे शेरा.

थेंबूचं बाळंतपण झालं की सांगणार. त्यावर रेघ.

बाळाला सहा महिने झाले की. रेघ.

आत्ता नको, ती नीट झोपत नाही. रेघ.

तिला ताप आहे, उतरला की. रेघ.

गट्टू चालायला लागला की नक्की.

या शेवटच्या ओळीवर रेघ नव्हती.

थेंबू ती ओळ बघत राहिली. ते गेले त्याच्या आदल्या संध्याकाळी गट्टू टेबलापासून दारापर्यंत चालला होता. चार पावलं. तिने लगेच फोन केला होता. "बाबा, गट्टू चालला."  ते म्हणाले होते, "उद्या सकाळी येतो. वर येतो."

ते सांगायलाच येत होते. खाली बाकावर, उन्हात, कुणी ऐकेल अशा जागी सांगायची ही गोष्ट नव्हती. म्हणून ते जिना चढले.

"कुणी केलं गं हे?" आत्या म्हणाली. "त्या मोठ्या डॉक्टरने?"

थेंबूला फार वाटत होतं की हो म्हणावं. एक नाव घ्यावं आणि मोकळं व्हावं. सरांनी ऐकलं नाही, कार्डावरून कार्ड उतरवलं. पोरांनी ऐकलं नाही, खूण बघितली. आणि ती खूण करणारा माणूस आपलंच जुनं उत्तर पाठ करून वर्षानुवर्षं त्यांना सांगत राहिला, त्याच्या छातीतलं खरं उत्तर बदललं तरी. एका मुलीने ऐकलं, तिला नापास केलं. आणि शेवटी त्याला स्वतःला कळलं, तेव्हा त्याने लेकीची झोप राखली. पाचशे जणांनी ज्या छातीला कान लावला, ती त्यांच्या कानाखाली बंद पडत गेली. यात खुनी कोण म्हणून दाखवायचं?

"कुणी नाही," ती म्हणाली. "सगळ्यांनी."

६

दुसऱ्या दिवशी चष्मेवालीने तपासणीच्या खोलीचं दार लावून घेतलं. गट्टूला आडवं करून ऐकलं, मग बसवून, मग थेंबूच्या खांद्यावर उभं धरून. गट्टू स्टेथोस्कोपची नळी चावत होता.

"निजल्यावर येतो, बसल्यावर जवळजवळ जातो," ती म्हणाली, आणि पहिल्यांदाच हसली. "गोड, गुणगुणल्यासारखा. हा वाढणाऱ्या मुलांचा आवाज आहे, झडपेचा नाही. घराण्यात आजार आहे म्हणून एकदा इको करून घेऊ, पण याचं मला काही वाटत नाही."

थेंबूने गट्टूला पोटाशी घेतलं. ती स्टुलावर बसली. पाच आठवड्यांत पहिल्यांदा तिला खोलीतल्या खिडकीबाहेर झाड असल्याचं दिसलं.

"आता तुम्ही," चष्मेवाली म्हणाली.

"मी? मला काय झालंय?"

"मुलांची तपासणी, असं मीच लिहिलं होतं. त्यांचं मूल तुम्ही आहात."

खरंच की. तिने लाल ओळ दहा वेळा वाचली होती आणि दहाही वेळा तिला गट्टूच दिसला होता.

स्टेथोस्कोप गार होता. चष्मेवालीने डोळे मिटले. उजवीकडे वर, मग थोडं खाली, मग डावीकडे. "पुढे वाका. श्वास सोडा. धरून ठेवा." खोलीत गट्टूच्या चावण्याचा बारीक आवाज येत होता. थेंबू तिच्या चेहऱ्याकडे बघत होती. चेहऱ्यावर काही नव्हतं. डॉक्टर लोक चेहरा कोरा ठेवायला शिकतात, बहुतेक तेही परीक्षेत येत असावं.

मग चष्मेवालीचा हात वर सरकला. कॉलरच्या पहिल्या बटणापाशी आला, बटण बाजूला सारलं, आणि स्टेथोस्कोप मानेवर टेकला. तिथेच राहिला.

  ती खूण थेंबूला कळत होती. काल चालताना लागलेली धाप पोराच्या वजनाची नव्हती. गरोदरपणातला आवाज गरोदरपणाचा नव्हता. तोही कुणीतरी ऐकला होता, लिहिला होता, आणि सगळ्यांनाच असतो म्हणून सोडून दिला होता.

"किती?" तिने विचारलं. "सहापैकी."

"चार," चष्मेवाली म्हणाली. "अजून चार आहे. म्हणजे जोर आहे. सोमवारी सकाळी इको. मी स्वतः थांबते. वेळ गेलेली नाही. पण घरी आजच सांगा. ऑपरेशन लागलं तर माणूस पाठीशी लागतो. आजच, ऐकताय ना?"

"हो."

चष्मेवालीने लिहून दिलेली सोमवारची चिठ्ठी थेंबूने फाइलीत ठेवली, फाइल खाकी पिशवीत. येताना कागद भिजू नयेत म्हणून तीच पिशवी आणली होती.

स्वतःच्या इमारतीत दुसऱ्या मजल्याच्या वळणावर ती थांबली. रोज थांबायची त्यापेक्षा जास्त वेळ. भिंतीच्या रंगावर हाताच्या उंचीला एक तेलकट डाग होता. तिथे त्यांनी हात टेकला असेल. तिने तिथे हात टेकला नाही.

नवरा जेवायला घरी आलेला. दार उघडताच त्याने गट्टूला उचललं आणि तिच्या तोंडाकडे बघितलं. "काय म्हणाल्या?"

"गट्टूचं काही नाही. वाढत्या मुलांचा आवाज आहे."

त्याने डोळे मिटले. मग गट्टूला इतकं उंच उचललं की तो हसून खिदळायला लागला. महिन्यापूर्वी छापखान्यातल्या कामावरून धावत येऊन याच माणसाने दुसऱ्या मजल्यावरून तिच्या वडिलांना खाली नेलं होतं. त्यानंतर आज तो पहिल्यांदा हसत होता. थेंबू पिशवी हातात धरून उभी राहिली.

"आणि बाकी?" तो म्हणाला. "आणखी काही म्हणाल्या का?"

तिने तोंड उघडलं. वाक्य तयार होतं, जिना चढताना तीनदा जुळवलेलं. गट्टू बापाच्या खांद्यावरून तिच्याकडे हात करत होता.

"तू जेवून घे आधी," ती म्हणाली. "जेवलास की सांगते."

तो पानावर बसला. तिने वाढलं. तो जेवला, तिच्याकडे बघून पुन्हा हसला, घड्याळ बघून उठला. "संध्याकाळी बोलू," म्हणाला, आणि गट्टूच्या डोक्यावर हात ठेवून कामावर गेला. ती दारात उभी राहून त्याची पावलं ऐकत होती. दुसऱ्या मजल्यावर ती थांबली नाहीत.

मग तिने दाराआड, लहान मुलाचा हात पुरणार नाही एवढ्या उंचीवर, रिकामा खिळा शोधला, आणि पिशवी तिथे अडकवली.